बर्जेस साहेबांचा पहिला हंगाम

कोल्हापुराहून कागल, निपाणी, संकेश्वर अशी गावे मागे टाकीत बेळगावास उतरणारा मनुष्य बहुधा कामासाठीच आलेला असतो. कोणाचा तंबाखूचा व्यवहार, कोणाची कोर्टकचेरी, कोणाच्या घरचे लग्नकार्य. किल्ल्यातील जुनी देवळे पाहावयास त्याला सवड कोठून होणार? सवड काढून जो खंदक ओलांडून आत जातो, त्याला काळसर दगडाची एक जैन बस्ती लागते. तिचे नाव कमलबस्ती. सभामंडपात उभे राहून मान वर केली म्हणजे नावाचा उलगडा होतो. छताच्या मध्यातून दगडाचे एक मोठे कमळ खाली लोंबते आहे, पाकळीखाली पाकळी अशा त्याच्या ओळी आहेत, आणि भोवतालचे खांब चरकावर उतरविल्यासारखे गुळगुळीत आहेत. गाभाऱ्यात नेमिनाथांची मूर्ती आहे. शेजारी दुसरी एक बस्ती आहे. किल्ला बांधताना एकशे आठ देवळे मोडून त्यांचा दगड तटास लावला, अशी दंतकथा गावात ऐकू येते. तिच्यातला आकडा खरा मानण्याचे कारण नाही. परंतु जुन्या देवळांचे कोरीव दगड तटाच्या कामात दिसतात, हे कोणीही पाहून घ्यावे.

ही बस्ती व तिच्या आसपासचा मुलूख ह्यांचे नाव पुराणवास्तुशास्त्राच्या इतिहासात एका विशेष कारणाने आले आहे. १८७४ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने पश्चिम हिंदुस्थानातील प्राचीन वास्तूंची रीतसर पाहणी सुरू केली, तेव्हा तिचा पहिला हंगाम ठरला तो बेळगाव व कलादगी ह्या दोन जिल्ह्यांत. पाहणीचे मुख्य होते जेम्स बर्जेस. वेरूळ, अजिंठा, घारापुरी ह्यांच्या संदर्भात त्यांचे नाव आपल्याकडील वाचकांना ठाऊक असते. आपल्या दाराशी त्यांनी काय केले, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही.

बर्जेस हे स्कॉटलंडचे. डम्फ्रीसशायर परगण्यातील कर्कमाहो येथे १४ ऑगस्ट १८३२ रोजी त्यांचा जन्म झाला. डम्फ्रीस, ग्लासगो व एडिंबरो येथे त्यांचे शिक्षण झाले. त्यांचा विषय गणित. ना लष्करात भरती, ना मुलकी खात्याची सनद. हा मनुष्य हिंदुस्थानात आला तो मास्तर म्हणून. १८५५ साली कलकत्त्याच्या डव्हटन कॉलेजात त्यांना गणिताच्या अध्यापकाची जागा मिळाली. सहा वर्षांनी, म्हणजे १८६१ साली, ते मुंबईस आले आणि सर जमशेटजी जिजीभाई पारशी बेनिव्होलंट इन्स्टिट्यूशन ह्या शाळेचे मुख्य झाले. पुढची दहा-बारा वर्षे पारशी मुलांना शिकविणे हा त्यांचा धंदा होता. पुराणवस्तूंचा नाद लागला तो सुट्ट्यांतून, आणि त्या नादास खतपाणी मिळाले ते जेम्स फर्ग्युसन ह्यांच्या ग्रंथांमुळे. फर्ग्युसन हे मूळचे निळीचे व्यापारी. हिंदुस्थानभर हिंडून त्यांनी इमारतींची टिपणे केली आणि विलायतेस परत जाऊन त्यांवर ग्रंथ लिहिले. ह्या दोघांचा पुढे जन्मभराचा स्नेह जडला.

त्या वेळच्या मुंबईत छायाचित्रणाचे वारे जोरात होते. १८५४ साली तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती व तिच्यात आपली मंडळीही होती. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघे तिचे सभासद. त्यांपैकी नारायण दाजी तर स्वतः उत्तम छायाचित्रे काढीत. एल्फिन्स्टन संस्थेत ह्या विद्येचा वर्गही त्याच सुमारास निघाला. पेडणे महालातील मांद्रे गावातून मुंबईस आलेले हे बंधू कॅमेऱ्याच्या भिंगामागे उभे राहिले, तेव्हा ती विद्या जगात पंधरा-सोळा वर्षांचीच होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचे कौतुक वाटते.

सरकारच्या मनातही कॅमेरा भरला होता. लेण्यांतील चित्रांच्या नकला हाताने करविण्यात वर्षे जात व पैसाही जाई. अजिंठ्यास मेजर रॉबर्ट गिल ह्यांनी १८४४ पासून अनेक वर्षे खपून मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. एका माणसाच्या अर्ध्या आयुष्याची राख झाली. छायाचित्राच्या मात्र एका मूळ काचेवरून वा कागदावरून हव्या तितक्या प्रती निघतात. कंपनीच्या संचालकांनी हा हिशेब अगोदरच केला होता. १८५५ साली तोफखान्यातील कप्तान टॉमस बिग्ज ह्यांना मुंबई सरकारचे छायाचित्रकार नेमून विजापूर, बदामी, ऐहोळे, पट्टदकल ह्या बाजूस पाठविण्यात आले. बिग्ज कागदाच्या निगेटिव्हवर काम करीत. थोड्याच अवधीत त्यांना परत लष्करी नोकरीवर बोलावून घेतले व त्यांचे काम डॉ. पिगू ह्यांच्याकडे आले. ह्या दोघांची आणि नील नावाच्या तिसऱ्या गृहस्थांची मिळून शंभर छायाचित्रे १८६६ साली धारवाड व म्हैसूर मुलखातील वास्तूंवरील एका जाडजूड ग्रंथात लंडनला प्रसिद्ध झाली. त्यास ऐतिहासिक मजकूर लिहिला होता कर्नल मेडोज टेलर ह्यांनी, म्हणजे ठगाची जबानी लिहिणारे व सुरपूर संस्थानाचा कारभार पाहिलेले तेच टेलर. वास्तुकलेवरील टिपणे फर्ग्युसनांची होती. अहमदाबाद व विजापूर येथील वास्तूंवरही असेच ग्रंथ त्याच वर्षी निघाले, आणि त्यांच्या खर्चास मुंबईतील प्रेमचंद रायचंद व करसनदास माधवदास ह्या धनिकांचा आश्रय होता. कापसाच्या तेजीतला पैसा असा विजापूरच्या घुमटांच्या चित्रांपर्यंत पोहोचला. ग्रंथ बाहेर पडेपर्यंत तेजी ओसरून कित्येक पेढ्या बुडाल्याही होत्या.

बर्जेस ह्यांनी हे सारे जवळून पाहिले होते. १८६९ साली त्यांनी शत्रुंजयावरील जैन मंदिरांवर पुस्तक काढले, त्यात मुंबईच्या साइक्स व ड्वायर ह्या छायाचित्रकारांची पंचेचाळीस चित्रे होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी सोमनाथ व गिरनार येथे फेरी केली. १८७१ साली घारापुरीवर पुस्तक लिहिले. १८७२ साली तर पदरमोड करून त्यांनी इंडियन अँटिक्वेरी नावाचे मासिकच सुरू केले. शाळा सांभाळून हा व्याप! पहिल्याच वर्षी त्यात रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनी पतंजलीच्या कालाविषयी लेख लिहिला; काशीनाथ त्रिंबक तेलंगही त्यात लिहू लागले. युरोपातील पंडित आणि पुण्या-मुंबईचे विद्वान एकाच मासिकात एकमेकांची मते खोडून काढू लागले, आणि संपादक दोघांनाही जागा देत गेले. बर्जेस ह्यांच्या पुढील सर्व सरकारी कामापेक्षा ह्या मासिकाचे उपकार मला मोठे वाटतात. पण आजचा विषय तो नव्हे.

पाहणीची नेमणूक झाली तेव्हा बर्जेस एकेचाळीस वर्षांचे होते. जानेवारी ते मे १८७४ असा तो पहिला हंगाम. बेळगावास आगगाडी यावयास अजून बारा-तेरा वर्षांचा अवकाश होता. पुण्याकडून यावयाचे तर सातारा, कोल्हापूर, निपाणी ह्या सडकेने. समुद्राकडून यावयाचे तर वेंगुर्ल्यास उतरून घाट चढून. कलादगी जिल्हा म्हणजे आजचा विजापूर-बागलकोटचा भाग. पुढे जिल्ह्याचे ठाणे विजापुरास गेले आणि कलादगी हे एक गाव तेवढे उरले. बेळगावापासून बदामीपर्यंतची वाट बैलगाडीची.

ह्या गाड्यांवर काय काय लादावे लागत असेल, त्याची कल्पना आज खिशात कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्यास यावयाची नाही. त्या काळी ओल्या काचेची रीत चालू होती. स्वच्छ पुसलेल्या काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रव्य सारखे पसरावयाचे. ते आळू लागताच काळोखात चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाचे. काच ओलीचिंब असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि ती वाळण्यापूर्वी, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांच्या आत, पुन्हा काळोखात धुऊन काढावयाची. म्हणजे जेथे देऊळ तेथे काळोखी तंबू हवाच. कलोडियनमध्ये ईथर असे, आणि ईथर उन्हाने भराभर उडून जाते. एप्रिल-मे महिन्यांत मलप्रभेकाठी दुपारी उष्मा किती असतो, ते तिकडील लोकांस विचारावे. पाणी स्वच्छ हवे. ते नसले तर डाग पडतात. धूळ उडाली तर ती काचेवर बसते. काच फुटली तर सगळेच गेले. शिवाय देवळाचा आतला भाग काळोखा. कमलबस्तीतील छताचे कमळ डोळ्यांना दिसते, पण त्या काळच्या काचेला दिसावे एवढा उजेड तेथे पोहोचत नाही. अशा ठिकाणी आरशांनी वा पांढऱ्या कापडाने ऊन आत वळवून मिनिटेच्या मिनिटे कॅमेरा उघडा ठेवण्याचा प्रघात होता. तेवढा वेळ कोणी हलावयाचे नाही. त्या काळच्या चित्रांत खांबाशी एखादा पागोटेवाला ताठ उभा दिसतो, तो बहुधा उंचीचे माप कळावे म्हणून उभा केलेला असतो. त्याचे नाव चित्राखाली नसते.

बेळगावच्या किल्ल्यात त्या वेळी इंग्रजी पलटणीचा संसार होता. १८१८ साली मन्रोने किल्ला घेतल्यापासूनच तो लष्कराकडे होता, आणि एक बस्ती तर लष्करी कोठाराच्या आवारातच सापडली होती. पोती, पिंपे व पहारे ह्यांच्यामध्ये तेराव्या शतकातले मंदिर! त्याचा काळ सांगता येतो, ह्याला कारण तेथील दोन शिलालेख. सौंदत्तीच्या रट्ट घराण्यातील चौथा कार्तवीर्य व त्याचा बंधू मल्लिकार्जुन हे वेणुग्रामाहून, म्हणजे बेळगावाहून, राज्य करीत असताना बीचण नावाच्या त्यांच्या मंत्र्याने रट्ट-जिनालय बांधले व शके ११२७ मध्ये, म्हणजे इसवी सन १२०४ च्या अखेरीस, त्याला दाने दिली, असे त्या लेखांत आहे.

बर्जेस ह्यांच्या कामाचे मर्म समजून घ्यावयाचे तर येथे क्षणभर थांबले पाहिजे. बिग्ज व पिगू ह्यांची छायाचित्रे सुरेख होती. परंतु छायाचित्रावरून देऊळ कसे दिसते एवढेच कळते. कॅमेरा किंचित वर कलला की खांब आत झुकल्यासारखे येतात. गाभारा किती खोल, भिंत किती जाड, मंडपाच्या किती अंकणांवर छत तोलले आहे, हे चित्रात उमटत नाही. आणि देऊळ कोणी व केव्हा बांधले, हे तर मुळीच उमटत नाही. त्यामुळे शैली पाहून अंदाज बांधावयाचा, अशी चाल पडली होती. फर्ग्युसन ह्या अंदाजात पटाईत होते. पण पटाईत माणसाचा अंदाज म्हणजे पुरावा नव्हे, आणि अशा अंदाजांतूनच हिंदुस्थानची कला जितकी अलीकडची तितकी उतरती, अशी एक समजूत त्या पिढीच्या इंग्रज लेखकांत रूढ झाली. बर्जेस ह्या समजुतीपासून पुरते मुक्त होते असे म्हणता येणार नाही. परंतु गणिताच्या ह्या मास्तराने पहिल्याच हंगामात चित्राच्या जोडीस मोजपट्टी आणि लेखाचा ठसा आणला. ओला कागद अक्षरांवर दाबून, ब्रशाने ठोकून ठसा घ्यावयाचा. वाळल्यावर अक्षरे कागदात उठून येतात व तो कागद गुंडाळून कोठेही नेऊन वाचता येतो. आराखडा, छायाचित्र आणि ठसा हे तिन्ही एकत्र आले म्हणजे देवळाला जन्मतारीख मिळते.

ठसे वाचणारा मनुष्य बेळगावातच होता. जॉन फेथफुल फ्लीट हे तरुण मुलकी अधिकारी त्या वेळी दक्षिण विभागाचे शिक्षण-निरीक्षक होते. हळेकन्नड शिकून त्यांनी सौंदत्ती व बेळगाव येथील रट्टांच्या लेखांचा एक मोठा संग्रह मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात नुकताच दिला होता. बर्जेस व फ्लीट ह्यांच्या सहकार्याने १८७८ साली पाली, संस्कृत व जुन्या कन्नड लेखांचे एक पुस्तक पाहणीच्या ग्रंथमालेत निघाले. आज सीमाभागात शिलालेखांच्या भाषेवरून दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलले जाते. बोलणाऱ्यांपैकी लेख वाचलेले किती, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. कोल्हापूरच्या शिलाहारांचे लेख संस्कृतात आहेत आणि कन्नडातही आहेत. त्यांत कोणाला कमीपणा वाटण्यासारखे काही नाही.

घटप्रभेच्या काठी, गोकाकच्या धबधब्याजवळ कोन्नूर आहे. तेथे माळावर मोठाल्या शिळा उभ्या करून वर एक आडवी शिळा ठेवलेली अशी प्राचीन दफनस्थाने आहेत. अशा शिळांना आपल्याकडे पांडवांचे नाव देऊन मोकळे होण्याची रीत आहे. बर्जेस ह्यांनी त्यांचीही टिपणे केली व कोन्नूर आणि ऐहोळे येथील दफनशिळांवरचा लेख त्याच वर्षी इंडियन अँटिक्वेरीत छापला. ज्यावर ना नक्षी ना अक्षर, अशा दगडांसाठीही थांबावे, हे त्या काळच्या देवळे पाहणाऱ्या साहेबांत विरळा होते.

तेथून पुढे बदामी. बदामीची लेणी पाहिलेल्यास तिसऱ्या लेण्याचा विसर पडत नाही. तांबूस खडकात कोरलेला तो प्रशस्त ओसरा, शेषावर बसलेला विष्णू, खांबांच्या माथ्यावरील मिथुने. त्या लेण्यात चालुक्य मंगलेशाचा लेख आहे व त्यावर शके ५००, म्हणजे इसवी सन ५७८, हा काळ स्पष्ट दिला आहे. ह्या लेखाचे वाचन एगेलिंग नावाच्या पंडिताने १८७४ सालीच बर्जेस ह्यांच्या मासिकात प्रसिद्ध केले. त्याचे महत्त्व असे की, ब्राह्मणी लेण्यांच्या कालगणनेत ठोकलेला हा पक्का खुंटा होय. वेरूळ, घारापुरी व इतर लेणी ह्याच्या आधीची की नंतरची, असा विचार आता ह्या खुंट्याला दोरी बांधून करता येऊ लागला. फर्ग्युसन व बर्जेस ह्यांनी मिळून लिहिलेला हिंदुस्थानातील लेण्यांवरचा मोठा ग्रंथ १८८० साली निघाला. त्यातील ब्राह्मणी लेण्यांच्या कालनिर्णयाला ह्या एका तारखेचा भक्कम आधार होता.

पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर पल्लवांच्या कांचीवरील विजयानंतर दुसऱ्या विक्रमादित्याची राणी लोकमहादेवी हिने बांधविले. ऐहोळ्याच्या मेगुटी टेकडीवरील जैन मंदिरात रविकीर्तीचा इसवी सन ६३४ चा लेख असून त्यात कालिदास व भारवी ह्यांची नावे येतात. ह्या गोष्टी आज शाळेच्या पुस्तकात आहेत, म्हणून येथे लांबण लावीत नाही. ऐहोळ्याची एक गंमत तेवढी सांगावीशी वाटते. तेथील अर्धवर्तुळाकार पाठीच्या सुंदर मंदिरास दुर्गा मंदिर म्हणतात, पण त्याचा दुर्गादेवीशी संबंध नाही. ते दुर्गाजवळ, म्हणजे तटाजवळ आहे म्हणून ते नाव. आणि लाडखान मंदिराला नाव मिळाले ते त्यात बिऱ्हाड करून राहिलेल्या लाडखान नावाच्या माणसाचे. देवळातून माणसे राहत, गुरे बांधीत, कडबा रचीत. पाहणीवाल्यांचे पहिले काम कॅमेरा लावण्याचे नसे. आधी जागा मोकळी करून घ्यावी लागे.

पावसाळ्याच्या तोंडावर हंगाम संपला. त्याच मे महिन्यात मुंबईस डॉ. भाऊ दाजी वारले. प्राचीन लेख वाचण्याचे काम आपल्या लोकांत त्यांनीच प्रतिष्ठेस चढविले होते. त्यांचे सहकारी पंडित भगवानलाल इंद्रजी पुढे बर्जेस ह्यांच्याबरोबर काम करू लागले, आणि पश्चिम हिंदुस्थानातील लेण्यांमधील लेखांवरचे १८८१ चे पुस्तक त्या दोघांच्या नावे आहे. हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण सर्वांच्या वाट्यास असे भाग्य आले नाही. पहिल्या हंगामाच्या अहवालावर नाव बर्जेस ह्यांचे आहे आणि ते योग्यच आहे. पण पट्टीचे दुसरे टोक धरणारे, शिडीवर चढून ठसा ठोकणारे, काच धुण्यासाठी नदीवरून घागरी आणणारे, आराखड्यावर शाई फिरविणारे असे कितीतरी हात त्यात होते. त्यांची नावे आज कोणाच्या ओठी नाहीत. बेळगाव-गोकाककडील एखाद्या घरात पणजोबा साहेबाच्या कॅमेऱ्यापुढे उभे राहिल्याची आठवण असली, तर ती त्या घरातच राहिली.

अहवाल त्याच वर्षी लंडनला छापून निघाला. त्यात पन्नासाहून अधिक चित्रपत्रे होती. काही छायाचित्रांची, काही शिलाछापाची. छायाचित्रे उन्हात कागदावर उतरवून एकेक चिकटवावी लागत, आणि असे कागद काही वर्षांत पिवळे पडत. म्हणून नकाशे व आराखडे शिलाछापावर छापण्याची पद्धत होती. अशा ग्रंथाच्या प्रती थोड्या निघत व त्या सरकारी कचेऱ्या आणि विलायतेतील ग्रंथालये ह्यांच्या कपाटांत जात. ज्यांच्या गावचे देऊळ, त्यांच्या हाती चित्र पडत नसे.

पुढची कारकीर्द थोडक्यात सांगतो. दुसरा हंगाम काठेवाड व कच्छ, तिसरा बीदर व औरंगाबाद. मग वेरूळ व बौद्ध लेणी ह्यांवरचे १८८३ चे ग्रंथ. १८८१ साली दक्षिण हिंदुस्थानची पाहणीही त्यांच्याकडे आली. जनरल कनिंगहॅम निवृत्त झाल्यावर १८८६ साली बर्जेस सबंध हिंदुस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे मुख्य झाले. त्यांच्याच काळात १८८८ साली एपिग्राफिया इंडिका हे केवळ लेखांना वाहिलेले प्रकाशन सुरू झाले. १८८९ साली ते निवृत्त झाले. त्यांच्या मागे सरकारने ती मुख्याची जागा भरलीच नाही. कर्झनच्या राजवटीत १९०२ साली मार्शल येईपर्यंत ती रिकामी होती. काटकसरीचा घाव देवळांवर आधी पडतो, ही तक्रार आजची नाही.

निवृत्तीनंतर ते एडिंबरोस राहिले. तेथे त्यांनी काय केले असावे? आपल्या मूळ विषयाकडे वळून, संभाव्यतेच्या गणितात लागणाऱ्या एका फलनाची कोष्टके पंधरा दशांश स्थळांपर्यंत हाताने आकडेमोड करून १८९८ साली प्रसिद्ध केली, आणि त्याबद्दल एडिंबरोच्या रॉयल सोसायटीचे कीथ पारितोषिक त्यांना मिळाले. ज्या बोटांनी आकडे मांडले त्याच बोटांनी लेण्यांतील खांबांच्या जाडीची टिपणे केली होती. अहमदाबादच्या मुसलमानी वास्तुकलेचे ग्रंथ त्यांनी पुरे केले. हिंदुस्थानातील मंदिरे व शिल्पे ह्यांच्या छायाचित्रांचे दोन मोठे संग्रह १८९७ व १९११ साली काढले. फर्ग्युसन १८८६ सालीच वारले होते. मित्राच्या वास्तुकलेच्या इतिहासाची सुधारलेली आवृत्ती १९१० साली त्यांनी तयार केली. तीत त्यांनी मित्राची किती मते बदलली आणि किती तशीच ठेवली, हे पाहण्यासारखे आहे. मला स्वतःला वाटते की त्यांनी थोडी अधिक बदलावयास हवी होती. पण स्नेहाची भीड कोणाला सुटली आहे? ३ ऑक्टोबर १९१६ रोजी, वयाच्या पंचाऐंशिव्या वर्षी, एडिंबरो येथेच त्यांचा अंत झाला.

बेळगावकडील काम मात्र त्यांच्याबरोबर संपले नाही. १८८१ साली हेन्री कझन्स नावाचा सत्तावीस वर्षांचा तरुण त्यांच्या हाताखाली आला. पुढे पश्चिम विभागाचे मुख्यपद त्याच्याकडे गेले. बर्जेस ह्यांनी पहिल्या हंगामात पाहिलेली देवळे कझन्सने पुन्हा पाहिली, अधिक चांगल्या कोरड्या काचांवर चित्रे घेतली, आणि कन्नड जिल्ह्यांतील चालुक्य वास्तुकलेवरचा आपला ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध केला. पहिल्या हंगामाला तेव्हा बावन्न वर्षे झाली होती. त्यानेही चुका केल्याच. ऐहोळ्याचे लाडखान मंदिर त्याने पाचव्या शतकात, साडेचारशेच्या सुमारास ढकलले. नंतरच्या अभ्यासकांनी ते दोन शतकांहून अधिक अलीकडे आणले. त्या मंदिराला बदामीसारखी तारीख देणारा लेख असता, तर एवढी चूक झाली नसती.

१८८० नंतरच्या वर्षांत बेळगावास आगगाडी आली, १९५६ साली जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, २०१४ साली शहराचे नाव सरकारी दप्तरात बेळगावी झाले. कमलबस्ती पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि तेथे नेमिनाथांची पूजाही होते. पाहणीतील जुनी छायाचित्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवली आहेत. बीचण मंत्र्याच्या दानाची हकीकत सांगणाऱ्या त्या दोन शिळाही लंडनलाच, ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. लायोनेल बार्नेट ह्यांनी त्यांचे वाचन एपिग्राफिया इंडिकाच्या तेराव्या खंडात दिले, म्हणजे बर्जेस ह्यांनीच सुरू केलेल्या प्रकाशनात. ते कोल्हापुरात बसूनही वाचता येते. छतातले कमळ पाहावयाचे असेल, तर निपाणीवरून बेळगावची गाडी धरावी लागेल.